जुन्या जिप्सीत मोठं इंजिन: पीयूसी निघेल, पण आरसीचं काय?

सातपुडा_पायथा (चोपडा)

मंडळी, सल्ला हवा आहे. घरी वडिलांनी घेतलेली १९९५ची जिप्सी आहे. एमजी ४१०, ९७० सीसी, कार्बुरेटरवाली, चार गिअर. गाडी विकायची नाही हे आधीच सांगतो, म्हणजे त्यावर कोणी वेळ घालवणार नाही. नोंदणीचं नूतनीकरण नुकतंच झालंय, पत्रा शाबूत आहे, चासीला गंज नाही.

इंजिन मात्र दमलं. सकाळी सुरू केली की निळा धूर, तेल सारखं कमी होतं, आणि चार माणसं घेऊन लासूरच्या वर जंगलाकडे चढायचं म्हटलं की दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नाही. मे महिन्यात तर काटा लालच्या काठावर.

आमचा मिस्त्री म्हणतो, यात पैसे घालू नका, जिप्सी किंगचं १२९८ सीसीचं इंजिन टाकून देतो. त्याच कंपनीचं, त्याच नावाच्या गाडीचं. पीयूसी तर आरामात निघेल, मग आरटीओला कळतंच कुठे, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही, पण ठाम उत्तरही माझ्याकडे नाही. कोणी केलंय का हे? कायदा नक्की काय म्हणतो? आणि कायदा बाजूला ठेवला तरी गाडीला ते झेपेल का?

केळीबाग_रावेर

टाका बिनधास्त. आमच्याकडे निम्म्या जुन्या जिपांमध्ये मूळ इंजिन नाही. आजवर कोणी बॉनेट उघडून बघितलं नाही. सातपुड्यात फिरायचं तर ताकद पाहिजेच.

लळिंगकर

रावेरच्या भाऊंशी असहमत. बॉनेट उघडत नाहीत ते सगळं सुरळीत असेपर्यंत. नूतनीकरणाला निरीक्षक चासी नंबर आणि इंजिन नंबर बघतोच. आणि अपघात झाला की पहिल्यांदा बॉनेटच उघडतात.

तापीकाठचे_नाना

चोपड्याचे भाऊ, मी वाहनांच्या कागदपत्रांच्या कामात उभा जन्म घातला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीच्या आरसीवर जी माहिती आहे ती कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही, हा त्या कलमाचा गाभा. आरसीवर इंजिन नंबर असतो, सीसी असतात, इंधन असतं. तुमच्या आरसीवर ९७० लिहिलंय. १२९८ टाकलं की आरसी आणि गाडी यांची फारकत झाली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल केलेली गाडी नोंदवता येणार नाही.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल मालकाने केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे शब्द नीट वाचा. इंजिन, सायलेन्सर, टायर असं मोजत गेलं की आकडा वाढतो.

आता काय चालतं ते. इंजिन बाद झालं आणि त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं दुसरं बसवलं, तर ते आरसीवर चढवता येतं. इंजिनाचं बिल लागतं, ज्या गाडीतून काढलं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद लागतो, निरीक्षकाची तपासणी होते. बदलाची माहिती चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला द्यायची असते. म्हणजे ९७०च्या जागी चांगलं ९७० मिळालं तर रस्ता मोकळा. तुमचा मिस्त्री 'त्याच कंपनीचं' म्हणतो ते अर्धंच खरं आहे. कंपनी तीच, प्रकार तो नाही.

बाकी आपल्या अहिराणीत सांगायचं तर, गाडी तुनी शे भाऊ, पन आरसी सरकारनी शे. येवढं ध्यानमा ठेव.

केळीबाग_रावेर

नाना, कलम मान्य. पण पीयूसी निघते म्हणजे प्रदूषण नाही हे सरकारनेच मान्य केलं ना? मग अडचण कुठे?

धूर_तपासनीस (धुळे)

याचं उत्तर मी देतो, माझं पीयूसी केंद्रच आहे.

गाडी येते, इंजिन गरम आहे का बघतो, नळी सायलेन्सरच्या तोंडात आत सरकवतो, गाडी न्यूट्रलला ठेवून आकडा स्थिर व्हायची वाट बघतो. पडद्यावर दोन आकडे महत्त्वाचे, कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन पीपीएममध्ये. मर्यादा कोणती लावायची ते गाडीच्या जन्मावरून ठरतं. बीएस म्हणजे भारत स्टेज, प्रदूषण नियमांचे टप्पे. बीएस-२च्या आधीच्या पेट्रोल गाडीला सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएमपर्यंत सूट. बीएस-२ आणि बीएस-३ला ०.५ टक्के आणि ७५०. बीएस-४ला ०.३ आणि २००, आणि त्या गाड्यांचं इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर नेऊन लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाणही बघावं लागतं.

१९९५च्या गाडीला पहिली, सगळ्यांत सैल मर्यादा लागते. तिच्यात नंतरच्या काळातलं एमपीएफआय (कार्बुरेटरऐवजी संगणकाच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारं) इंजिन बसवलं तर ती हसत पास होईल, मिस्त्री इथपर्यंत बरोबर आहे. पण माझं यंत्र बॉनेटखाली कोणतं इंजिन आहे हे विचारत नाही. ते फक्त त्या क्षणी, गाडी जागेवर उभी असताना निघणारा धूर मोजतं. नायट्रोजनची ऑक्साइडं माझं यंत्र मोजतच नाही. पीयूसी म्हणजे 'ही गाडी आज या मर्यादेत आहे' एवढाच दाखला. इंजिन बदलायची परवानगी त्यात कुठेच येत नाही. लोक पावती दाखवून निरीक्षकाशी भांडतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण पावतीवर नाव माझ्या केंद्राचं असतं.

भरीत_पार्टी

धुळ्याचे साहेब, आमच्याकडच्या भरताच्या भट्टीला एकदा नळी लावून बघा. वांगी भाजताना कोणती मर्यादा लागते?

धूर_तपासनीस (धुळे)

@भरीत_पार्टी, आधी कळण्याची भाकरी आणि भरीत पाठवा, सूट देतो. 😀

अमळनेर_ते_फ्रीमाँट

धागा आवडला म्हणून लॉगिन केलं. मी कॅलिफोर्नियात असतो आणि इथे इंजिन बदलणं हा लोकांचा मोठा छंद आहे. प्रदूषणाचे नियम जगात सगळ्यांत कडक म्हणावेत असे, तरीही मोठं इंजिन बसवायचा कायदेशीर रस्ता इथे आहे. तो कसा चालतो ते सांगतो.

नवं बसणारं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं असलं पाहिजे, जुनं चालत नाही. ते ज्या गाडीतून आलं तिच्यावरची प्रदूषण रोखणारी सगळी यंत्रणा सोबत यायला हवी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, संगणक, पेट्रोलची वाफ पकडणारा डबा, सगळं. नुसतं इंजिन टाकून बाकीचं भंगारात दिलं की नापास. मग सरकारमान्य रेफरीकडे गाडी न्यायची. तो एकेक नळी, एकेक वायर बघतो आणि दरवाजाच्या चौकटीवर लेबल चिकटवतो. पुढे प्रत्येक स्मॉग तपासणीला त्या लेबलप्रमाणे, म्हणजे नव्या इंजिनाच्या सालाप्रमाणे गाडी तपासतात. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना ही तपासणीच नाही, म्हणून त्या गाड्यांचे भाव आभाळाला भिडलेत.

आपल्याकडे असा रेफरी असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

लळिंगकर

अगदी. ही त्रुटी खरंच मोठी आहे, म्हणून आकडे मांडतो. १९९५च्या पेट्रोल गाड्यांना १९९१चे नियम लागू होते. त्यात कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या वजनाप्रमाणे किलोमीटरला १४.३ ते २७.१ ग्रॅमपर्यंत चालत होता. १९९६ला तो ८.६८ ते १२.४ झाला. २००० साली २.७२. बीएस-४ला १ ग्रॅम. म्हणजे चोपड्याच्या भाऊंनी बीएस-४ काळातलं इंजिन त्याच्या सगळ्या यंत्रणेसकट बसवलं, तर हवा आजच्यापेक्षा स्वच्छ होईल. आणि तोच गुन्हा! तेल जाळणारं जुनं ९७० मात्र कायदेशीर. ज्या हेतूने नियम आहे त्याच्याच विरुद्ध निकाल लागतो, याचा मला राग येतो.

तापीकाठचे_नाना

लळिंगकर, राग समजतो. पण तुम्ही दिलेले ग्रॅम इंजिनाचे नाहीत, गाडीचे आहेत. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन चाचणी संस्थेत अख्खी गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या पद्धतीने वेग कमीजास्त करत चालवतात आणि धूर पिशव्यांत गोळा करून मोजतात. गाडीचं वजन, गिअरचं प्रमाण, टाकीची वाफ, सगळं त्या आकड्यात येतं. तेच इंजिन दुसऱ्या गाडीत गेलं की तो आकडा त्याच्यासोबत जात नाही. कंपनीला ही चाचणी परवडते, कारण तिला हजारो गाड्या विकायच्या असतात. एका जिप्सीसाठी कोण करणार? कॅलिफोर्नियाने यावर 'सगळी यंत्रणा जशीच्या तशी आणा' हा उपाय काढला. आपल्याकडे तो आला तर मी स्वागतच करीन. आज तो नाही.

लळिंगकर

नाना, रोलरचा मुद्दा मान्य. तरी किलोमीटरला १४ ग्रॅम आणि १ ग्रॅम यातला फरक गिअरच्या प्रमाणाने भरून निघणार नाही, एवढं माझं म्हणणं राहील.

पाना_नंबर_चौदा (चाळीसगाव)

कायदा झाला, आता लोखंडाचं बोलू. मी मिस्त्री आहे, कन्नड घाट चढून फेस आलेल्या गाड्या माझ्याकडेच येतात.

भाऊ, १२९८ इंजिन दिसायला सोपं काम वाटतं. इंजिन जड नाही, उलट १३००चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे आणि तुमचा ९७०चा बिडाचा. पण तुमच्या गिअरबॉक्सचं तोंड या इंजिनाला लागत नाही, म्हणून गिअरबॉक्सही किंगचा घ्यावा लागतो, पाच गिअरचा. जिप्सीत ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) वेगळी, मध्ये छोटा शाफ्ट. गिअरबॉक्स बदलला की त्या छोट्या शाफ्टची लांबी बदलते. लेथवाल्याकडे कापून, वेल्ड करून आणला आणि बॅलन्स केला नाही, तर साठच्या पुढे सीटखाली अशी घरघर सुटते की शेजारच्याशी बोलता येत नाही. इंजिन ज्यावर बसतं त्या फाउंडेशनच्या पट्ट्या नव्या कराव्या लागतात. त्या चासीला वेल्ड करतात, म्हणजे चासीतही बदल झाला.

मग ताकद. तुमचं ४५ अश्वशक्तीचं आहे. कार्बुरेटरवालं १३०० साधारण ६०चं, एमपीएफआय ८०चं. गाडी ४५च्या हिशोबाने थांबते हे विसरू नका. तिच्यात ड्रम आहेत की डिस्क, बूस्टर आहे का, हे आधी बघा. डिफरन्शिअलही लहान इंजिनाला साजेशा दातांचे, त्यामुळे मोठं इंजिन टाकूनही हायवेला ते उगाच ओरडत राहील.

एमपीएफआय घेतलं तर टाकीत इलेक्ट्रिक पंप, परतीची लाइन, ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक, अख्खा वायरिंगचा हार्नेस, सेन्सर. भंगारातून आणलेला हार्नेस बहुतेक कापलेला असतो. पट्टी गुंडाळून जोडलेल्या त्या वायरी भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांत बॉनेटखाली किती टिकतील? मग चेक लाइट लागतो, आणि पहिली गोष्ट जी लोक काढून फेकतात ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. म्हणजे लळिंगकर म्हणतात ती स्वच्छ हवा कागदावरच राहते. मी अशा गाड्या उघडल्यात म्हणून सांगतो, बसवताना सगळी यंत्रणा बसवलेली गाडी क्वचित दिसते.

विलीजवाला_शहादा

पाना दादांना दंडवत. माझाही मुद्दा जोडतो. माझ्याकडे १९६०च्या दशकातली विलीज सीजे-३बी आहे, मूळ पेट्रोल हरिकेन इंजिनासकट. आमच्या भागात बहुतेकांनी ती इंजिनं काढून डिझेल टाकली, पेट्रोल परवडत नव्हतं म्हणून, आणि त्या काळात ते साहजिक होतं. पण २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी, मूळ रूपात ठेवलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली, तिला विंटेज नोंदणी मिळते. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षं वैध, नंबरात व्हीए ही अक्षरं. रोजच्या वापराला ती चालत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेंसाठीच. ज्यांनी इंजिन बदललं त्यांना हे दार बंद.

चोपड्याची जिप्सी १९९५ची, म्हणजे २०४५ नंतरची गोष्ट. पण जिप्सीचं उत्पादन थांबलंय, हे लक्षात असू द्या. मूळ इंजिनाची ४१० हळूहळू दुर्मिळ होणार. तोरणमाळला मी विलीज घेऊन जातो. शहाद्याकडून चढताना साडेतीन हजार फुटांच्या वर जायचं असतं, ती हळू जाते, पण जाते. ताकद कमी आहे म्हणून नाही, इंजिन निरोगी आहे म्हणून जाते.

भरीत_पार्टी

डिझेलवरून आठवलं, आमच्या आबांच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन होतं. सुरू झाली की गल्लीतली पोरं अंथरुणातून उठायची. सारंगखेड्याच्या यात्रेला आम्ही तिच्यातून नऊ जण जायचो, आणि घोडे आमच्या आवाजाला बिचकायचे. तेव्हा आरसीवर डिझेल चढवूनही मिळायचं म्हणे.

तापीकाठचे_नाना

मिळायचं. कलम ५२ आजच्या रूपात २००० सालच्या दुरुस्तीनंतर आलं, त्याआधी परवानगी घेऊन बराच बदल करता येत असे. म्हणून जुन्या आरसीवर असे शेरे दिसतात आणि लोकांना वाटतं आजही तसंच चालेल.

विमा_आणि_बरंच_काही

कोणी विम्याचं बोललं नाही अजून. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो. खासगी गाडीला १००० सीसीपर्यंत २०९४ रुपये, १००० ते १५००ला ३४१६, त्यापुढे ७८९७. तुमची ९७०ची गाडी पहिल्या गटात, १२९८ दुसऱ्या. म्हणजे आरसी न बदलता इंजिन बदललं तर तुम्ही हप्ताही चुकीच्या गटाचा भरताय. फरक तेराशे रुपयांचा, पण अपघातात सर्वेअरने इंजिन नंबर जुळवला की स्वतःच्या गाडीचा क्लेम गेलाच म्हणून समजा. माझ्या ओळखीत एका कुटुंबाचा असाच क्लेम अडकला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण कागद पाहता कंपनीची बाजू पक्की होती. गाडीत तीन माणसं जखमी होती आणि घरचे दवाखान्यातून विमा कार्यालयात चकरा मारत होते. एवढ्यासाठी लिहितोय.

केळीबाग_रावेर

हे वाचून मी माझा पहिला सल्ला मागे घेतो. विम्याचा विचार मनात आलाच नव्हता. पण मग भाऊंनी घाट चढायचाच नाही का? गॅस किट किंवा ते इलेक्ट्रिक वगैरे?

तापीकाठचे_नाना

सीएनजी, एलपीजी किटला कलम ५२ मध्येच जागा आहे. मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त बसवणारा, आरसीवर इंधनाची नोंद, एवढं केलं की कायदेशीर. इलेक्ट्रिक किटसाठीही एआयएस-१२३ हे मानक आहे आणि मान्यता मिळालेलं किट लागतं. पण गॅसवर ताकद थोडी कमीच होते, आणि भाऊंना ती वाढवायचीय. शिवाय दमलेल्या इंजिनावर गॅस किट बसवू नये.

पाना_नंबर_चौदा (चाळीसगाव)

नानांशी शंभर टक्के सहमत. रावेर दादा, घाट चढायचा उपाय आहे ना. भाऊंनी जी लक्षणं लिहिलीत, निळा धूर, तेल, दुसरा गिअर, ती इंजिन लहान असल्याची नाहीत. ती इंजिन झिजल्याची आहेत. नवी असताना हीच गाडी चार माणसं घेऊन तिसऱ्यावर चढत होती की नाही, वडिलांना विचारा.

आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. मग प्रत्येकात चमचाभर तेल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा आणि बोअर गेलेत, नाही चढला तर व्हॉल्व्ह. सकाळी पहिल्या स्टार्टलाच धूर आणि नंतर कमी होत असेल, तर व्हॉल्व्हची सीलंही गेली असणार. बोअर पुढच्या साईजला करून ओव्हरसाईज पिस्टन बसवता येतात, हे दुरुस्तीचं काम आहे, आरसीला धक्का नाही. हेड सपाट करून घ्या, व्हॉल्व्ह लॅप करा, कार्बुरेटर पूर्ण उघडून धुवा. आणि रेडिएटर! तो सोलून आतल्या नळ्या सळईने साफ करायला द्या. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकलं असेल तर अर्ध्या नळ्या क्षाराने बुजलेल्या असतील. तुमच्याकडचं पाणी मला माहीत आहे.

सातपुडा_पायथा (चोपडा)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गाडी उभी करून कॉम्प्रेशन मोजलं. पहिलं आणि चौथं ठीक, मधली दोन खाली. तेल टाकल्यावर मधली दोन्ही वर आली. म्हणजे पाना दादा, तुमचं निदान खरं निघालं. वडिलांना विचारलं, तर म्हणाले, पालला जाताना पाच जण आणि सामान असायचं, तिसऱ्यावर सहज जायची.

१३००चा विषय घरात संपला. मिस्त्री थोडा नाराज आहे, पण हाफ इंजिन काम, म्हणजे बोअर-पिस्टन-रिंगांची दुरुस्ती, करायला तयार झाला. रेडिएटर उद्या काढतोय. दोनच शंका आहेत. ९७०चे ओव्हरसाईज पिस्टन आता नवे मिळतात का, की मालेगाव-कुर्ल्याकडे शोधावे लागतील? आणि नाना, काम झाल्यावर आरटीओकडे कोणता कागद द्यायचा?

तापीकाठचे_नाना

कागद काहीच नाही. ब्लॉक तोच, नंबर तोच. फक्त बोरिंगवाल्याला सांगून ठेवा, ब्लॉकवरचा इंजिन नंबर घासायचा नाही, त्यावर रंगही मारायचा नाही. पुढच्या नूतनीकरणाला तो स्पष्ट वाचता आला पाहिजे. आणि बिलं जपून ठेवा.

पाना_नंबर_चौदा (चाळीसगाव)

पिस्टन आधी हातात घ्या, मगच ब्लॉक बोरिंगला द्या. साईज मिळाली नाही तर स्लीव्ह टाकून मूळ मापावर आणता येतं. दुकानदाराला गाडीचं साल सांगू नका, जुना पिस्टन सोबत न्या आणि कॅलिपरने मापून घ्या. रिंगांच्या पुड्यावरचा नंबर इथे टाका, मी बघून सांगतो.